आटे जुळले म्हणजे झालं

मावशीला साठीत गाडी चालवायचा परवाना मिळाला आणि त्याच आठवड्यात गाडी सकाळी सुरू करताना खडखडायला लागली. काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, एवढं निमित्त पुरे होतं. गिअरशी अशी कुस्ती खेळल्यावर कुठलं इंजिन टिकेल, असा निकाल त्यांनी चहा पिता पिता देऊन टाकला. मावशीही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. शब्दाने शब्द वाढला, आणि शेवटी काका म्हणाले, ज्याच्यामुळे गाडी बिघडली असेल त्याने आपली किल्ली कायमची सोडायची. मावशी तावातावाने हो म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेल्यावर पस्तावली.

कारण गाडीचं तिला वेड लागलं होतं. लग्न झाल्यापासून ती शेजारच्या सीटवर बसून काका नेतील तिथे गेली होती. आता स्टिअरिंग हातात आलं की ती काचा वर करून मोठमोठ्याने गायची, आणि आवाज बेसूर आहे हे सांगायला गाडीत कोणी नसायचं. ते सगळं हातचं जाणार, या विचाराने तिला रडू यायचं बाकी होतं.

निवाडा करायचा होता भाचीने. कोपऱ्यापलीकडे तिचं स्वतःचं गॅरेज होतं आणि तिच्यावर दोघांचाही विश्वास होता. मावशीचा, ती बहिणीची मुलगी म्हणून. काकांचा, लहानपणी ती त्यांच्याच पान्यांशी खेळली म्हणून. काकांनी जन्मभर नळकाम केलं होतं आणि त्यांच्या मते जगातली कुठलीही वस्तू म्हणजे शेवटी नळच.

अडचण अशी की गाडी गॅरेजपर्यंत पोचली की इंजिन गरम व्हायचं, आणि गरम इंजिन गरीब गाईसारखं गप्प. आवाज यायचा तो रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा, तोही सुरुवातीचे काही क्षण. म्हणून भाचीने सांगितलं, मी सकाळी घरी येते, तोवर गाडीला कोणी हात लावायचा नाही.

ती आली तेव्हा बॉनेट तव्यासारखं तापलेलं. तिला ताटकळत ठेवायला नको म्हणून काकांनी गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. कोणी आंघोळीला जाणार असलं की आपण गरम पाणी आधी सोडून बघत नाही का, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त या वेळी गुन्हेगार मावशी. तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि आवाज अजून येतो का एवढंच तिला बघायचं होतं. भाचीने कपाळाला हात लावला, दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या आणि असंच चाललं तर गाडीआधी मीच बिघडेन असं सांगून ती निघून गेली.

तिसऱ्या सकाळी ती आली तेव्हा दोघं स्वेटर घालून अंगणात शहाण्या मुलांसारखी उभी होती. बॉनेट थंडगार. भाचीने मावशीला आत बसवलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मुठीला कान लावला आणि मान डोलावली. मावशीने किल्ली फिरवली.

डब्यात सुटे खिळे हलवावेत तसा खडखडाट झाला. मावशीने आनंदाने टाळ्या वाजवल्या, आणि मग हा आवाज आपल्याच विरुद्ध जायचा आहे हे आठवून हात मांडीवर ठेवले. काका विजयी मुद्रेने खोकले. तोवर आवाज बंदही झाला होता.

भाची टॉर्च घेऊन गाडीखाली सरकली आणि बराच वेळ तिचे नुसते पाय दिसत राहिले. बाहेर आली ती हात पुसत. इंजिनात एक साखळी असते, ती म्हणाली, आणि ती ताणून धरायला तेलाचा दाब लागतो. इथे रात्रभरात तेल खाली ओसरतं, त्यामुळे सकाळी दाब येईपर्यंत साखळी सैल राहते आणि आपटते. तेल ओसरू नये म्हणून ऑइल फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते.

काकांचा चेहरा पडायला लागला. विहिरीवरच्या पंपाला खाली झडप न लावणाऱ्या किती जणांना त्यांनी आजवर फैलावर घेतलं होतं!

"म्हणजे फूटव्हॉल्व्ह," ते म्हणाले.

"तोच."

"आणि ह्या फिल्टरला तो नाही."

"नाही. हा या गाडीचा फिल्टरच नाही, काका. कोणी बसवला?"

काकांनी चपलेकडे पाहिलं. "मी. आटे जुळले, म्हटलं झालं." मग मावशीकडे न बघता ते पुढे म्हणाले, "तुझा परवाना आला ना, म्हणून तेल बदललं होतं. गाडी तुला चांगली मिळावी."

मावशीला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस हा माणूस तिच्या नावाने खडे फोडत होता, आणि तिच्या कौतुकापायीच त्याने गाडीची वाट लावली होती. तिला त्याचा रागही आला आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. भाची समोर होती म्हणून तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही.

त्याच दिवशी योग्य फिल्टर बसला. साखळीला काही झालं नव्हतं. दुसऱ्या सकाळी थंड गाडी सुरू झाली ती इतकी अलगद, की सुरू झाली की नाही हे बघायला मावशीला कान द्यावा लागला. मग ती सीटवर बसल्या बसल्या नाचली.

काका खिडकीशी आले. शब्द म्हणजे शब्द. त्यांनी आपली किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. असू दे हो, ठेवा तुमच्याकडेच, असं तिने म्हणावं म्हणून ते थोडे रेंगाळलेही. मावशीने किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन लावून घेतली.

"बसा," ती म्हणाली.

काका सवयीने तिच्याच दाराला हात घालणार होते, ते थबकले. गाडीला वळसा घालून पलीकडून आत बसले, पट्टा लावला आणि ब्रेक नसलेल्या जागी पाय घट्ट रोवून तयार झाले.

"कुठे जायचंय?" त्यांनी विचारलं.

"मी अजून ठरवलं नाही," मावशी म्हणाली आणि गाणं म्हणत तिने गाडी फाटकाबाहेर काढली.