पकडबाईंची खुर्ची

पकडबाईंनी दवाखाना बंद करायचं ठरवलं, तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांचे दात त्याच दिवशी आपसूक ठणकायचे थांबले म्हणतात. म्हणणारे पुष्कळ काही म्हणतात. पण किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर बाईंनी अडतीस वर्षं दात काढले हे खरं, आणि मूठभर देहाच्या या बाईनं एकदा पकड लावली की दात काय, भिंतीतला खिळादेखील मुकाट्यानं बाहेर यायचा हेही खरं. डॉक्टर म्हणून त्यांचं नाव पाटीवर होतं. गल्लीच्या तोंडी मात्र पकडबाईच.

शनिवारी दुपारी खोलीची किल्ली घरमालकाच्या हातात द्यायची होती. त्या आठवड्याच्या सोमवारपर्यंत बहुतेक सामान मार्गी लागलं. बाहेरचा बाक शिंप्यानं नेला. मासिकांचा गठ्ठा न्हाव्याकडे गेला आणि तिथं दहा वर्षांपूर्वीच्या बातम्यांवरून नव्यानं भांडणं सुरू झाली. भिंतीवरचं घड्याळ शाळेच्या शिपायानं मागून नेलं; ते वीस मिनिटं पुढं असायचं, म्हणून पोरं त्याला दुवा देऊ लागली. जी वस्तू जाई तिच्यामागं बाई जिन्यापर्यंत जात आणि हात झटकून परत येत.

राहिली फक्त खुर्ची.

ती दात काढायची खुर्ची होती. बूड लोखंडी ओतीव, वर हिरवं रेक्झिन, पायानं दाबायचा पंप, मागं झुकणारी पाठ, डोक्यावर दिवा, कडेला गुळणीचं भांडं आणि ड्रिलचा लांब हात. वजन किती ते कुणी मोजलं नव्हतं. ती वर चढवली त्या दिवशी खालच्या किराणा दुकानाचं छत दोन बोटं खाली आलं, त्याच्या तराजूचा काटा तेव्हापासून पाव किलो जास्त दाखवतो, आणि दोष सगळा वरच्या खुर्चीचा, असं दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा.

"मावशी, मी भंगारवाल्याला शनिवारी दहाची वेळ दिली आहे," भाचा म्हणाला. भाचा विम्याचं काम करायचा, त्यामुळे त्याला कुठल्याही गोष्टीत आधी नुकसान दिसायचं. "तो म्हणाला, तुकडे करून नेतो. जिन्याला धक्का लागणार नाही."

"तुकडे करायचे नाहीत."

"मग काय करायचं? घरी नेऊन तिच्यात बसून टीव्ही बघणार का?"

"दान करायची."

भाच्यानं डोक्याला हात लावला. "अगं, ती खुर्ची आहे. तिला काय कळतंय?"

"तुला तरी काय कळतं? तुला घातलं का आम्ही भंगारात?" बाई म्हणाल्या, आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, "अडतीस वर्षांत तिच्यात एक माणूस खुशीनं बसलेला मी पाहिला नाही रे. सगळे कसे, हाताचे दांडे घट्ट धरून. रेक्झिनवर नखं उमटली आहेत बघ. मोडायच्या आधी एकदा तरी कुणी तिच्यात सुखानं टेकलेलं मला बघायचं आहे."

मावशीशी वाद घालून उपयोग नाही हे भाच्याला त्याच्या तिसऱ्या वर्षापासून माहीत होतं.

बाईंनी फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या संस्थेनं सांगितलं, आम्ही फक्त कपडे घेतो. दुसरीनं फोटो मागवला, आणि फोटो पाहिल्यावर फोन उचलणंच बंद केलं. तिसरीचा अर्ज मोबाईलवर भरायचा होता. त्यात फर्निचर निवडलं की खुर्ची, खुर्ची निवडलं की लाकडी का प्लॅस्टिकची, आणि लोखंडी म्हणायची सोयच नव्हती. बाईंनी लाकडी लिहिलं. मंगळवारी सायकलच्या मागं दोरी बांधून एक माणूस आला, खुर्ची बघितली, आपली सायकल बघितली, बाईंना नमस्कार केला आणि गेला. एका दंतवैद्यक कॉलेजनं कळवलं की पाच वर्षांहून जुनं चालणार नाही. एका संग्रहालयानं कळवलं की शंभर वर्षांहून नवं चालणार नाही.

"म्हणजे मधल्या वयाला कुणी वालीच नाही," बाई म्हणाल्या. "माणसांचंही असंच आहे म्हणा."

गुरुवारी त्यांनी फोन ठेवला आणि चपला घातल्या. दोन बस बदलून त्या एका मोठ्या दान केंद्रावर पोचल्या. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि त्यांना कळलं की जगातला निम्मा कचरा दान म्हणून फिरतो आहे. तळ नसलेल्या पिशव्या, कान तुटलेल्या कढया, एकाच पायाच्या चपला, अर्धी सोडवलेली शब्दकोडी. कुणीतरी पळण्याच्या शर्यतीतला दुसऱ्या क्रमांकाचा कप दिला होता, वर स्वतःचं नाव कोरलेलं. ढिगाच्या मधोमध जाड चष्म्याच्या एक बाई बसून एकेका शर्टाची बटणं मोजत होत्या.

पकडबाईंनी फोटो पुढं केला.

"वैद्यकीय उपकरणं घेत नाही," चष्मेवाल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं. "फळ्यावर लिहिलं आहे."

"चालू स्थितीत आहे."

"सगळे हेच म्हणतात." त्यांनी एक पँट उचलून दिव्यापुढं धरली. पँटच्या आरपार सगळी खोली दिसली. "ही पण चालू स्थितीत आली आहे. ताई, भंगारवाला ज्याला हात लावत नाही ते लोक आम्हाला देतात, वर पावती मागतात, फोटो काढतात. गेल्या महिन्यात एकानं कवळी दिली. वापरलेली. मी कुणाला देऊ ती?"

"मला दाखवली असती तर मापावरून माणूस सांगितला असता," पकडबाई म्हणाल्या.

चष्मेवाल्या बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं.

"बरं, मला एवढं सांगा," पकडबाईंनी फोटो पुन्हा त्यांच्या नाकापुढं धरला. "यातलं वैद्यकीय काय काय?"

"हा दिवा. हे गुळणीचं भांडं. हा ड्रिलचा हात. हा हत्यारांचा ट्रे."

"आणि हे सगळं काढलं तर?"

"तर काय, खुर्ची उरेल."

"ती घ्याल?"

चष्मेवाल्या बाईंनी फोटो हातात घेतला, तेवढ्यात मागच्या दारातून पदर खोचलेली, कोपरापर्यंत फेसानं भरलेली एक बाई आली. संस्थेच्या मागच्या खोल्यांत वीस-बावीस म्हातारी माणसं राहत. त्यांना न्हाऊ-माखू घालणारी ही सेविका. ती टॉवेल मागायला आली होती. फोटोवर तिची नजर गेली ती तिथंच राहिली.

"हिची पाठ मागं झुकते का हो?"

"पार आडवी होते."

"आणि उंच होते?"

"तुमच्या कमरेपर्यंत येते. पायानं दाबायचं."

सेविकेनं ओला हात चष्मेवाल्या बाईंच्या खांद्यावर ठेवला. "ताई, घ्या ही. चार आज्यांना मान वाकवता येत नाही. नाकातोंडात पाणी जातं, मग त्या रडतात आणि मीही रडते. तीन आठवडे झाले त्यांच्या डोक्याला पाणी लागलं नाही."

चष्मेवाल्या बाईंनी पँट खाली ठेवली. "शनिवारी सकाळी नऊला टेम्पो येईल. वैद्यकीय काही दिसता कामा नये. आणि जमिनीत रोवलेली वस्तू आमची माणसं उपटत नाहीत. सुटी नसली तर टेम्पो रिकामा परत जाईल, दुसऱ्यांदा यायचा नाही."

"निघेल," पकडबाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पांढरा कोट चढवला. भाच्यानं पान्यांची पेटी आणली होती.

"मावशी, खुर्ची सोडवायला कोट कशाला?"

"सवय. आणि तिलाही ओळखीचं वाटेल." बाई खुर्चीपाशी वाकल्या. "हे बघ, थोडंसं दुखेल. मुंगी चावल्यासारखं." हेच वाक्य त्यांनी अडतीस वर्षं सगळ्या गल्लीला ऐकवलं होतं आणि एकाचाही त्यावर विश्वास बसला नव्हता.

दिवा निघाला. ट्रे निघाला. ड्रिलच्या हातानं कुरकुर केली, पण निघाला. गुळणीचं भांडं हललं तसं त्याच्या नळीतून कुणाचा तरी सोन्याचा मुलामा दिलेला दात घरंगळत आला. बाईंनी तो नीट पाहिला. "सरपंचाचा. दात चोरला म्हणून वर्षभर माझ्याशी अबोला धरला होता." तो पुडीत बांधून भाच्याच्या खिशात गेला.

मग जमिनीतले चार बोल्ट. तीन दुपारपर्यंत वर आले. चौथा गंजून फरशीशी एकजीव झाला होता. भाच्यानं पाना लावून जोर केला, दोन्ही पाय भिंतीला टेकवून जोर केला. पाना सटकला आणि तो दारापर्यंत घसरत गेला.

"मावशी, सोड आता. झालं तेवढं पुष्कळ झालं. भंगारवाला गॅसनं कापेल."

"बाजूला हो. तू ओढतो आहेस." बाई पालथ्या झोपल्या आणि बोल्टवर टॉर्च मारून बघू लागल्या. "अक्कलदाढ आहे. ओढून निघायची नाही. हलवून हलवून तिला त्या जागेचा कंटाळा आणायचा."

त्यांनी तेल सोडलं. पान्याच्या दांड्यात नळाचा तुकडा अडकवून दांडा लांब केला. मग कणभर इकडे, कणभर तिकडे. तेल. पुन्हा कणभर. एक तास गेला, दुसरा गेला. भाचा चहा करून आला, चहा निवला. बाईंच्या तळहाताला फोड आला आणि फुटला. त्यावर चिकटपट्टी लावून त्या पुन्हा पालथ्या झाल्या. तिसऱ्या तासाला खालून दुकानदार विचारायला आला की वर नक्की चाललंय काय, आणि बाईंनी त्यालाही टॉर्च धरायला बसवलं. पाचाच्या सुमाराला फरशीतून एक लांब कण्हणं आलं आणि बोल्ट मुळासकट वर आला, गाजराएवढा. खाली तराजूचा काटा जागेवर गेला आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाला पुरतं माप मिळालं. दुकानदार हे नाकारतो, पण त्याला नाकारावंच लागणार.

शनिवारी टेम्पोच्या आधी भंगारवाला हजर. जिन्यात पायरीवर बसून तो वाट बघत राहिला, जणू मुलीला मागणी घालायला आला होता.

"काका, ती जाणार नाही तुमच्याकडे," बाई वरून म्हणाल्या.

"बघू या की. जिना अजून बाकी आहे."

त्याचं बरोबर होतं. टेम्पोबरोबरचे दोघे हमाल खुर्ची घेऊन निघाले आणि जिन्याच्या वळणावर अडकले. पुढं जाईना, मागं येईना. एक हमाल वर, एक खाली, मध्ये खुर्ची. साडेनऊ वाजले. टेम्पोवाल्यानं खालून भोंगा दिला.

"आणखी दहा मिनिटं थांबतो, मग निघालो," तो ओरडला.

भंगारवाला उठला. त्यानं खुर्चीला एक प्रदक्षिणा घालायचा प्रयत्न केला, जमला नाही, मग डोळ्यांनीच घातली. "लोखंड असं नेतात का जिन्यानं? बाई, हिची पाठ आडवी पाडा. पाय वरच्या अंगाला घ्या. आता एकानं सोडा. सोडा म्हणतो ना. ती तिच्या वजनानं वळेल."

बाईंनी पाठ आडवी केली. खुर्ची एखाद्या लठ्ठ पाहुण्यासारखी अंग चोरून वळली आणि खाली उतरली.

"अहो, तुमचंच नुकसान केलंत," भाचा न राहवून म्हणाला.

"चांगल्या मालाचे तुकडे करताना मलाही बरं वाटत नाही," भंगारवाला घाम पुसत म्हणाला. "पोटासाठी करतो. वरचा तो दिवा आणि हात द्या, झालं."

बाईंनी त्याला दिवा, हात, ट्रे, भांडं आणि गाजराएवढा बोल्ट दिला. किल्ली भाच्याकडे टाकली आणि स्वतः टेम्पोत खुर्चीशेजारी चढून बसल्या.

संस्थेच्या मागच्या मोरीत खुर्ची बेसिनला पाठ लावून ठेवली. सेविकेनं गरम पाण्याची बादली आणली. चष्मेवाल्या बाई हातातला शर्ट न सोडता दारात येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या आजींना हाताला धरून आणलं. आजींनी खुर्ची पाहिली, पकडबाईंना पाहिलं आणि दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली.

"या खुर्चीत मी बसणार नाही."

"आजी, केस धुवायचेत फक्त," सेविका म्हणाली.

"ही पकडबाईपण असंच म्हणाली होती, नुसतं बघते म्हणून. दोन दाढा गेल्या माझ्या."

मागच्या तिघींनीही ओळखलं; त्यांच्याही दाढा कधीकाळी याच खुर्चीत गेल्या होत्या. एकीनं तोंडावर पदर धरला. दुसरी वळून चालायला लागली, आणि सेविका म्हणाली की इतक्या झपाझप ती वर्षभरात चालली नव्हती. चष्मेवाल्या बाईंनी शर्टाची घडी घातली. "ताई, कुणी वापरणार नसेल तर मला ही ठेवता येणार नाही. जागा नाही माझ्याकडे."

पकडबाईंनी आपला चष्मा काढून सेविकेकडे दिला, अंबाडा सोडला आणि खुर्चीत बसल्या.

अडतीस वर्षांत त्या कधी तिच्यात बसल्या नव्हत्या. बसल्याबरोबर त्यांनी दांडे घट्ट धरले. मग ते लक्षात येऊन बोटं एकेक करून सोडवली.

"तीनदा हलकं दाबायचं," त्या सेविकेला म्हणाल्या, "चौथ्यांदा दाबून धरायचं. नाहीतर पाठ हळूहळू घसरते."

पाठ मागं गेली. सेविकेनं कोमट पाणी सोडलं आणि बोटं केसांत घातली. बाईंना काहीतरी सांगायचं होतं, पंपाच्या तेलाबद्दल बहुतेक. ते अर्ध्यातच राहिलं. गेल्या पाच दिवसांचे फोन, बस, बोल्ट, जिना, सगळं पाण्याबरोबर बेसिनमध्ये वाहून गेलं, आणि मोरीत हळूच एक बारीक, समाधानी घोरणं सुरू झालं.

चौकट धरलेल्या आजी एक पाऊल पुढं आल्या. मग आणखी एक. वाकून त्यांनी पकडबाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"झोपली की ही."

"गप्प बसा, झोपू द्या," सेविका कुजबुजली.

"झोपू द्या काय? पाणी निवतंय." आजींनी बाईंच्या खांद्याला बोटानं टोचलं. "अहो पकडबाई, उठा. झोपायचं असेल तर आपल्या घरी जायचं. नंबर माझा आहे."

"तुझा कसला? मी आधी आले होते," तोंडावर पदर धरलेली म्हणाली.

"आलीस आणि पळालीस."

"पळाली ती ही. मी इथंच होते."

पकडबाई ओल्या केसांनी उठल्या. केसांतून पाणी मानेवर, मानेवरून पाठीवर ठिबकत होतं. आजी खुर्चीत बसल्या, टेकल्या आणि सवयीनं भलंमोठं तोंड उघडलं.

"तोंड मिटा," पकडबाई म्हणाल्या आणि पंपावर पाय ठेवला.