साडेनऊपासून अडकलेली फाइल

सर्जरीचे प्राध्यापक निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना पुन्हा वर्गात बसले, तेही नाखुशीनेच. मेडिकल कॉलेजात नवा विषय आला होता: रुग्णालयाचं काम कसं चालतं आणि ते सुधारायचं कसं. तो शिकवण्यासाठी आधी शिक्षकांनाच प्रशिक्षण होतं. ते द्यायला आलेली डॉक्टर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती.

"सर, एक दिवस एका पेशंटशेजारी बसा," ती म्हणाली. "हुकूम सोडायचे नाहीत. फक्त काय कधी झालं ते घड्याळ बघून लिहायचं."

सरांनी हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी निवडल्या. सकाळी नऊला राउंडवर "आज घरी" असं ठरलं. सोबतच्या आजोबांनी पिशवी भरली, आजींच्या चपला पलंगाखाली जोडून ठेवल्या. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले.

"डॉक्टरसाहेब, आमच्या हातून काही चुकलंय का?" आजोबांनी हळूच विचारलं.

सर तडक सिस्टरकडे गेले. "यांची फाइल कुठे अडकलीय?"

सिस्टर घुटमळल्या. "तुमच्या टेबलावर. सहीसाठी. साडेनऊपासून."

"रोज असंच होतं?"

"रोजच. तुम्ही दोनला सह्या करता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"उशीर झाला की तुम्ही ओरडायचात, सर. विचारलं कधीच नाहीत."

सरांनी सही केली, औषधं स्वतः आणली आणि आजोबांना म्हणाले, "उशीर माझ्यामुळे झाला. माफ करा."

"असू द्या हो," आजोबा म्हणाले. "तुम्ही सोबत बसलात, हिला केवढा धीर आला!"

पुढच्या आठवड्यात सरांनी त्या दिवसाच्या सगळ्या वेळा विद्यार्थ्यांच्या वर्गात फळ्यावर मांडल्या. "उशीर कुणामुळे झाला?"

"सिस्टर?" "क्लार्क?" मुलं अंदाज करू लागली.

"मी," सर म्हणाले.

त्यांनी फळ्यावरच्या 'साडेनऊ'खाली रेघ ओढली.

"आता मला बोल लावून आजी लवकर घरी जाणार नाहीत. बदलायचं काय, ते सांगा."

"राउंडवरच सही करायची, सर," एक मुलगी चाचरत म्हणाली.

सरांनी सिस्टरना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांना स्वतःची खुर्ची दिली होती. "जमेल, सिस्टर?"

"जमेल. पण पेन तुमचं आणा. माझी सगळी तुम्हीच नेलीत."

सगळे खळखळून हसले. सरही.

महिन्याभरात बहुतेक पेशंट बाराच्या आत घरी जाऊ लागले. सर दोनदा सही विसरले. दोन्ही वेळा सिस्टरनी त्यांना व्हरांड्यात गाठलं, न घाबरता.