साडूभाऊंची संमती

थोरल्या साडूंच्या नावावर लेख पुष्कळ होते, पण त्या लेखांचा नेमाने उल्लेख करणारा जगात एकच माणूस होता. तो म्हणजे धाकटे साडू. दोघेही औषधांवर संशोधन करणारे, फक्त प्रयोगशाळा वेगळ्या. थोरल्यांनी लिहायचं, की आमच्या औषधाने मूत्रपिंडाच्या पेशी जास्त जगतात. धाकट्यांनी लगेच लिहायचं, की छे, अजिबात जगत नाहीत. आता खोडून काढायचं म्हटलं तरी नाव घ्यावंच लागतं. त्यामुळे थोरल्यांचा उल्लेखांचा आकडा शिव्या खाऊनच बाळसं धरत गेला. निवड समिती आकडा मोजते, शिव्या मोजत नाही.

मग बायका मध्ये पडल्या. सख्ख्या बहिणी त्या, आणि नवऱ्यांच्या पायी त्यांचं जाणंयेणं बंद पडलेलं. दोघींनी फर्मान काढलं: यापुढे एकमेकांवर लिहायचं नाही, आणि रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं.

घरात शांतता आली आणि थोरल्यांचा आकडा जागच्या जागी बसला. नेमकं तेव्हाच विभागप्रमुखाचं पद रिकामं झालं. ठरलेल्या आकड्याला एक उल्लेख कमी पडत होता. स्वतःच स्वतःचा केलेला चालत नाही, हेही त्यांनी आडून विचारून घेतलं होतं. पद हुकलं तर आपल्याच जुन्या विद्यार्थ्याला उठता-बसता ‘सर’ म्हणायची पाळी होती.

तेव्हा त्यांनी धाकट्यांना डिवचायचं ठरवलं. रविवारी ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "तुमचा नवा आलेख पाहिला. उंदरांकडूनच काढून घेतलात वाटतं?"

टेबलाखाली बायकोने त्यांचा पाय दाबला. धाकट्यांनी भातावर वरण ओढून घेतलं.

"खरं सांगू दादा?" ते म्हणाले. "तुमचंच बरोबर होतं. पेशी जगतात. तसं लिहूनच टाकतोय आता."

म्हणजे उल्लेख मिळणार, पद मिळणार, वर कौतुकही. बायकोने आनंदाने आणखी वाढलं, पण थोरल्यांनी ताट बाजूला सारलं. हा माणूस कधी ‘हो’ म्हणाला नव्हता. हा ‘हो’ म्हणतोय, म्हणजे आपलं कुठेतरी नक्कीच चुकलंय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना प्रयोग पुन्हा मांडला. पेशी वाढवायची ती खळग्याखळग्यांची ताटली समोर घेतली आणि बघतच राहिले. औषधाच्या पेशी ते नेहमी मधल्या खळग्यांत ठेवायचे आणि बिनऔषधाच्या कडेला. कडेचं पाणी लवकर उडतं, तिथल्या पेशी तशाही मरतात. धाकटे हेच तर दर लेखात ओरडत होते. थोरल्यांनी जागांची अदलाबदल केली. आठवड्याने पाहिलं, तर या वेळी औषधाच्या पेशी मेल्या होत्या.

गप्प बसलं असतं तर पद हातात होतं. ते दोन दिवस गप्प बसलेही. तिसऱ्या दिवशी मात्र तडक धाकट्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन उभे राहिले.

"ते लिहू नका," थोरले म्हणाले. "माझं चुकलंय. पहिल्यापासून. ताटली पुन्हा मांडून पाहिली."

धाकट्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि टेबलावरचा छापील अंक त्यांच्या हातात दिला. "आजच आलाय. तुम्हाला खोडूनच काढलंय, नेहमीसारखं."

"मग उल्लेख?"

"आहे की. ताई स्वतः आल्या होत्या सांगायला. म्हणाल्या, एकदा खोडा बाई यांना, घरात यांचं तोंड बघवत नाही."

थोरल्यांना हसावं की रडावं कळेना. "मग रविवारी बरोबर आहे असं का म्हणालात?"

"इतकी वर्षं चूक चूक म्हणतोय, तुम्ही कधी तपासलंत? एकदा बरोबर म्हटलं, तर लगेच ताटली काढून बसलात."

थोरले ओशाळले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी अंक चाळायला घेतला. इतक्या बारकाईने आपल्याला बायकोनेही कधी वाचलं नव्हतं, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं. मग दुसऱ्या तक्त्याशी येऊन त्यांचं बोट थांबलं.

"अहो, ही बेरीज चुकलीय तुमची."

"माहितीये," धाकटे म्हणाले. "छापून आल्यावर दिसली. लिहा ना दादा त्यावर. मलाही एक कमीच पडतोय."