कुंभारणीचं झाकण

वॉकरवर टॉवेल वाळत होता. दवाखान्यातून आत्याला घरी आणलं त्या दिवशी मी तो नवाकोरा वॉकर मोठ्या कौतुकाने तिच्या खाटेशेजारी ठेवला. संध्याकाळपर्यंत बाईसाहेबांनी त्याची खुंटी करून टाकली होती. आधी टॉवेल, मग स्वेटर, मग चष्म्याची पिशवी. चालणं सोडून त्या वॉकरचा सगळा उपयोग झाला.

मागच्या बागेत, नळाजवळच्या ओल्या फरशीवर पाय घसरून आत्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, "आता औषध एकच, चालणं. पडून राहिलात तर सांधा धरेल, आणि मग माझ्याही हातात काही उरणार नाही." आत्याने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. उठ म्हटलं की "उद्या." ही बाई, जिने जन्मात नाकावर माशी बसू दिली नाही, ती घाबरली होती, आणि ते कबूल करायला मात्र तयार नव्हती. मला इतका राग यायचा! आणि स्वयंपाकघरात गेलं की रडू यायचं.

आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली, आणि रविवारी बागेत माती उकरली. मी वर्तमानपत्रात दर आठवड्याला निसर्गावर लिहिते, त्यामुळे कपडे आणि कॉम्प्युटर उचलून गावाबाहेरच्या तिच्या घरी राहायला येणं मला जमलं. त्यात संपादकांची तक्रार होतीच. "बाई, मजकूर फार गोड होतोय. जरा साखर कमी करा."

मी ठरवलं, बागेचं असं वर्णन वाचून दाखवायचं की आत्या हरखून उठलीच पाहिजे. बसले खिडकीशी आणि लिहिलं. मंद वाऱ्यावर डोलणारी फुलं, पाखरांची मधुर किलबिल, हिरवाईचा सुंदर गालिचा. वाचून झालं. आत्याने भिंतीकडचं तोंड वळवलं, हात पुढे केला आणि म्हणाली, "लाल पेन्सिल दे."

"अगं, ऐकायला वाचलं मी. तपासायला नाही."

"दे म्हणते ना! कुठली फुलं? कुठली पाखरं? लेखिकाबाई, तू खुर्चीतून उठली तरी होतीस का?" कागदभर प्रश्नचिन्हं उमटली. "जिथे जिथे 'सुंदर' लिहिलंयस ना, तिथे तू बघितलेलं नाहीस. आणि न बघितलेलं छापायचं नसतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः खाट सोडत नाही आणि मला म्हणते उठली होतीस का! पण दुसऱ्या दिवशी सकाळी तरातरा जाऊन बसले लिंबाखाली. बराच वेळ काही म्हणजे काही दिसलं नाही. मग एक मुंगी दिसली, मेलेल्या पतंगाचा पंख शिडासारखा उभा धरून चाललेली. वारा आला की पंखासकट आडवी व्हायची आणि पुन्हा उठायची. मी तेवढंच लिहिलं.

आत्याने ऐकलं आणि पेन्सिल मागितलीच नाही. "पोचली का घरी?" एवढंच म्हणाली.

मग काय, मला चटकच लागली. डाळिंबाच्या कळीचं टोक आधी कुठून उकलतं, घासायची पावडर फासलेल्या ताटासारखा भोपळ्याच्या पानाचा पांढुरका रोग, बादलीखाली राहणारा आणि उजेड पडला की वैतागणारा बेडूक. सकाळी बघायचं, दुपारी लिहायचं, संध्याकाळी आत्याला वाचून दाखवायचं. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच हुकूम सोडायची, "उद्या त्या पानावर राख टाक." संपादकांचा फोन आला. "बाई, काय झालंय तुम्हाला? झकास!" मी हवेत.

मग एकदा व्यायाम शिकवणाऱ्या ताई आल्या, आत्याचा पाय उचलून बघितला आणि त्यांचं तोंड उतरलं. "कडक व्हायला लागलाय," मला बाहेर नेऊन म्हणाल्या. "आता नाही चालल्या तर राहिलं."

मी आत जाऊन आत्याला सरळ सांगितलं. ती हसली. "कशाला जायचं गं आता? तू बाग रोज इथे खाटेवर आणून देतेस की. मला सगळं दिसतं."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे मी जितकं बरं लिहीत होते, तितकी ही खाटेला चिकटत होती! माझं लिखाण सुधारलं ते असं माझ्याच अंगाशी आलं.

बागेतल्या अवजारांच्या खोलीबाहेर खुंटीवर आत्याची गवती टोपी लटकत होती. तिच्या काठावर कुंभारणीने, त्या मातीचं घर बांधणाऱ्या गांधीलमाशीने, इवलासा मडक्यासारखा खोपा केला होता. माती आणली, तोंडाने थापली, आत हिरव्या अळ्या कोंबल्या आणि वर झाकण लावून निघून गेली. हे सगळं मी डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं, लिहिलं आणि वाचलं.

"माझ्या टोपीवर?" आत्या कोपरावर उठली. "माझ्या?"

मी पुढचं वाक्य वाचलं. "आज सकाळी झाकणाला आतून भोक पडलं, आणि त्यातून हळूच बाहेर आलं..."

"काय बाहेर आलं?"

"संपलं. इथेच थांबवलंय."

"हे काय लिहिणं झालं? पुढचं सांग!"

"बघायचं असेल तर चल."

खरं सांगायचं तर भोकबिक काही पडलं नव्हतं. ते एक वाक्य मी न बघता लिहिलं होतं, आणि तेही कुणाला, तर आत्याला! तिने मला नाही नाही ते ऐकवलं. आगाऊ म्हणाली, कृतघ्न म्हणाली, चहाला तोंड लावलं नाही आणि भिंतीकडे वळली. मला वाटलं, आता गेलं सगळं.

सकाळी मी भांडी घासत होते तर मागून ठक्क आवाज आला. मग सरपटल्याचा. मग पुन्हा ठक्क. टॉवेल जमिनीवर पडला होता, स्वेटर त्याच्यावर, आणि वॉकर धरून आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओठ आवळलेले, कपाळावर घाम. "बघत काय उभी राहिलीस? दार उघड."

नळाजवळची फरशी आली तशी ती थांबली. मी तिच्या कमरेला हात घातला. तिची नखं माझ्या दंडात रुतली. "सोडू नकोस हं," ती म्हणाली, आणि आम्ही ती फरशी ओलांडली.

खुंटीशी पोचल्यावर तिने चष्मा सारखा केला. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. झाकण जसंच्या तसं बंद होतं.

"भोक कुठंय?"

"नाहीये," म्हटलं. "आत्या, मला तू उठायला हवी होतीस गं. मला दुसरं कोण आहे?"

तिचा वॉकरवरचा एक हात सुटला, वर आला आणि माझ्या गालावर टेकला. हाताला पायाला चोळायच्या औषधाचा वास होता. मग तिने तो हात काढून घेतला आणि पुन्हा प्रुफं तपासणारी झाली.

"वाक्य खोटं आहे," ती म्हणाली. "असं छापायला द्यायचं नाही."

"खोडून टाकते."

"खोडायचं कशाला? राहू दे. खरं होईपर्यंत मी रोज इथे येऊन बघणार. झालं की मग दे छापायला." तिने वाकून झाकणाला जवळजवळ नाक लावलं. "आता माझी खुर्ची आण. आणि माझ्याकडे काय बघत बसलीस? तिकडे बघ, तिकडे!"