साडीचा डोंगर

मुलांनो, डोळे मिटा आणि एक डोंगर मनात आणा. थांबा, डोळे मिटले तर पुढचं वाचणार कसं? उघडा. चौतीस वर्षं वर्गात मी हीच चूक करत आलो. ‘डोळे मिटा’ म्हणायचो आणि लगेच फळ्यावर आकृती काढायला लागायचो.

तर डोळे उघडे ठेवूनच डोंगर आणा. दोरीवर वाळत घातलेल्या साडीसारखा, लांबच लांब. तुम्ही त्याच्या माथ्यावर उभे आहात आणि हातात पाण्याची बाटली आहे. एका अंगाला ओतलंत तर ते पाणी पणजीवरून अरबी समुद्रात जाईल. दुसऱ्या अंगाला ओतलंत तर मलप्रभेतून कृष्णेत आणि कृष्णेतून पार बंगालच्या उपसागरात. अशा माथ्याला जलविभाजक म्हणतात. हा धडा मी शेकडो मुलांना शिकवला. तो डोंगर स्वतः मात्र पाहिला नव्हता. बेळगावच्या वडगावातून गोव्याला मी दोनदा गेलो, पण दोन्ही वेळा घाटात मला झोप लागली होती.

आमचं घर विणकरांचं. मी मास्तर झालो, कारण मागावर माझा हात कधी बसलाच नाही. घरात अजून दोन माग चालतात आणि ते माझी बायको यशोदाबाई आणि सून चालवतात. मुलगा नागेंद्र पणजीला नदीकाठच्या एका हॉटेलात कामाला आहे. मे महिन्यात तो सुट्टीवर येणार होता. सीझन म्हणून सुट्टी रद्द झाली. फोनवर तो मुलीला म्हणाला, “इथलं पाणी मला सोसत न्हाय बघ. आपल्या आडाचं पाणी प्यायला कवा मिळंल असं झालंय.”

मुलगी म्हणजे माझी नात, प्रियदर्शनी. वय नऊ. तिनं फोन ठेवला आणि नाक ओढत माझ्याजवळ येऊन बसली. रडणाऱ्या मुलाला धडा शिकवला की ते गप्प होतं, अशी माझी समजूत. मी मागावरून नुकतीच उतरलेली, खळ दिलेली कोरी साडी आणली, अंगणातल्या दोरीवर टाकली आणि वरून तांब्याभर पाणी सोडलं. खळीमुळं पाण्याचे थेंब मोत्यांसारखे दोन्हीकडं घरंगळले.

“इकडं बंगालचा उपसागर, तिकडं पणजी,” मी म्हणालो.

तिचं नाक ओढणं थांबलं. “पणजी? म्हणजे डोंगरावर तिकडच्या बाजूला ओतलं, की बाबाकडं जातंय?”

“अगदी त्याच्या हॉटेलाच्या मागून जातंय!”

एवढं बोलायची काही गरज होती का? पण अंगणात प्रयोग जमला की मास्तराला भान राहत नाही.

यशोदाबाई दारातूनच म्हणाली, “चारशे रुपये मजुरीची साडी भिजवलासा. आता पोरीला एवढं सांगितलासा तर डोंगरावर नेऊन दावा.”

रविवारी आम्ही निघालो. गाडी माझ्या बालमित्राची, नागोजीची. जन्मभर सरकारी बस चालवून तो निवृत्त झालाय, तरी प्रत्येक वळणाला अजून खिडकीतून हात बाहेर काढतो. प्रियदर्शनीच्या मांडीवर आडाच्या पाण्याची लिटरभराची बाटली होती. झाकण जरा सैल होतं, म्हणून मी त्यावर प्लॅस्टिक लावून दोऱ्यानं बांधलं. पिरनवाडी मागं पडेपर्यंत मी जलविभाजकाचे तीन प्रकार सांगून संपवले. जांबोटीच्या आधीच माझी गाठ सुटली आणि सीट ओली झाली.

“मास्तर, तुझा समुद्र माझ्या गाडीतच सुरू झाला की रं,” नागोजी म्हणाला.

प्रियदर्शनीनं खिशातून सुताची कांडी काढली. आज्जीजवळ बसून कांड्या भरायची तिला सवय, त्यामुळं एखादी नेहमी खिशात असतेच. तिनं दोन बोटांत सूत फिरवून मागावरची गाठ मारली. ही गाठ जितकी ओढावी तितकी घट्ट होते. मी म्हणालो, “छान. मीही तशीच मारली होती.” नागोजीनं सीट पुसायला फडकं माझ्याकडं फेकलं.

जांबोटीनंतर जंगल सुरू झालं. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झाडांची कमान होती आणि अंजनीच्या काटक्यांना जांभळी फुलं चिकटलेली होती. खिडकीतून फणसाचा वास येत होता. उजवीकडं एकामागं एक डोंगर, जवळचा हिरवा, मागचा निळा आणि शेवटचा इतका फिका की आहे की नाही तेच कळेना. कणकुंबीला माउलीच्या देवळात मलप्रभेच्या उगमाला हात जोडले. तिथून पुढं चढ सुरू झाला आणि मी कामाला लागलो. माझ्याकडं शाळेच्या नकाशावरून काढलेली आकृती होती. त्यात डोंगर सुरीच्या पात्यासारखा धारदार होता. बाहेर मात्र भाकरीसारखा सपाट, काळपट जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, दिसत होतं.

“थांब, हीच जागा!” मी एकदम ओरडलो.

“कशावरनं?” नागोजीनं विचारलं.

“अनुभवावरून.”

उन्हातून सड्याच्या मधोमध गेलो. मी चप्पल काढली, पश्चिमेकडं तोंड केलं आणि छोटंसं भाषण दिलं. प्रियदर्शनीनं गाठ सोडली. अर्धी बाटली मी एका धारेत ओतली.

पाणी पश्चिमेला गेलं नाही. पूर्वेलाही गेलं नाही. तापलेल्या जांभ्यानं ते जागच्या जागी पिऊन टाकलं. एक ओला डाग उरला आणि आम्ही बघत असतानाच तोही वाळला.

प्रियदर्शनी उकिडवी बसून त्या जागेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “आज्जा, ह्या डोंगराला खळ न्हाय.”

नागोजी इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मी ऐकलं न ऐकलंसं केलं. “जांभा सच्छिद्र असतो. डांबरावर बघू.” रस्त्याच्या सगळ्यात उंच वाटणाऱ्या जागी मी पुन्हा ओतलं. या वेळी पाणी खरंच वाहिलं. ऐटीत वळण घेऊन ते आलो त्याच दिशेला, बेळगावकडं निघालं.

बाटलीत चार बोटं पाणी उरलं. प्रियदर्शनीनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि छातीशी धरली.

“आज्जा, खरं सांगा. बाबाकडं पाणी जाणारच न्हाय, व्हय?”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं, एखादा धडा काढला असता. ती नुसती बघत होती, मी आता काय सांगतो म्हणून. बाष्पीभवन, भूजल, नकाशाचं प्रमाण, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी आत्ता काहीतरी ठोकून दिलं, तर पुन्हा ती माझं काही खरं मानणार नाही, हे मला कळत होतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

मुलांनो, चौतीस वर्षांत हे वाक्य मी वर्गात एकदाही उच्चारलं नव्हतं. उच्चारायला तीन सेकंद लागतात.

“मग ज्येला म्हाईत हाय त्येला इचारूया की,” ती म्हणाली.

पुढच्या वळणावर एक बाई पानांच्या द्रोणात करवंदं विकत बसली होती. मागंच तिचं कौलारू घर, वळचणीखाली कोरडा ओढा. तिनं नाव मालुबाई सांगितलं. मी जलविभाजकापासून सुरुवात केली. तिनं मला हातानं थांबवलं आणि प्रियदर्शनीला विचारलं, “तू सांग गं बाय, तुला काय पायजे?”

“पाणी कुठनं गोव्याला जातंय?”

“एवढंच व्हय? माझ्या घरावरनं जातंय की.” मालुबाईनं आढ्याकडं बोट केलं. “पावसात पुढल्या कौलांवरचं पाणी ह्या वहाळात पडतंय, त्यो गोव्याला उतरतोय. मागल्या कौलांवरचं मलप्रभेला. पोरं पुढल्या वहाळात होड्या सोडत्यात. आजवर एक बी माघारी आली न्हाय.”

मी वर पाहिलं. आढ्याच्या दोन्ही बाजूंना कौलं उतरलेली. हुबेहूब माझी दोरीवरची साडी. फरक एवढाच, की ती तीस मैल मागं माझ्या अंगणात नव्हती आणि तिला खळीची गरज नव्हती.

“पण आता वहाळ कोरडा हाय,” प्रियदर्शनी म्हणाली.

“कोरडाच की. मिरगानंतर वाहतोय.”

“तवा बाबाकडं जाईल?”

मालुबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग ती म्हणाली, “कुठवर जातंय ते मी बघायला गेली न्हाय. इथनं खाली उतरतंय, एवढं डोळ्यांनी बघितलंय.”

प्रियदर्शनीनं थोडा विचार केला. मला वाटलं, आता रडेल. नागोजीला वाटलं, करवंदं मागेल, त्यानं पाकीटही काढलं.

तिनं बाटलीचं झाकण गच्च पिळलं. खिशातली कांडी काढून सुताचे चार पदर केले आणि बाटलीच्या गळ्याभोवती मागावरची गाठ मारली. मालुबाईला विचारून ती ओट्याच्या कठड्यावर चढली आणि सुताचं दुसरं टोक पुढच्या वळचणीच्या वाशाला बांधलं. बाटली वहाळाच्या बरोबर वर लोंबायला लागली. “मावशी, वहाळ वाहायला लागला की बाटली होडीसारखी सोडा हं,” ती म्हणाली. मी मदतीला हात पुढं केला, तशी तिनं तो हळूच बाजूला सारला आणि गाठ पक्की बसली का ते बघायला सूत दोनदा ओढून पाहिलं.