आधी हौदात, मग विहिरीत

काकासाहेबांनी जन्मात दोन गोष्टींवर विश्वास ठेवला नाही: दुकानदाराच्या तोंडावर आणि न तपासलेल्या यंत्रावर. टेंभुर्णीला शेती करत होते तेव्हा नवी मोटर आणली की ती आधी हौदात बुडवून चालवायची, पाणी नीट फेकते का बघायचं आणि मगच विहिरीत सोडायची. "आधी हौदात, मंग हिरीत," हे त्यांचं पालुपद सगळ्या गावाला पाठ होतं. एकदाच त्यांचा मुलगा वसंता घाईला आला आणि त्यानं नवी मोटर तशीच विहिरीत सोडली. ती चालली नाही. चार गडी दोर लावून ती वर ओढत होते आणि काकासाहेब काठावर उभे राहून सगळ्यांदेखत पोराला नाही नाही ते बोलत होते. शेवटी म्हणाले, "तुझं तोंड न्हाई दिसलं तरी चालंल मला."

बोलायला काय, जिभेला हाड नसतं. वसंता गेला आणि जहाजावर यंत्रं सांभाळायच्या नोकरीला लागला. इकडे काकासाहेबांनी शेत बटाईनं दिलं आणि बायकोला, उषाबाईला घेऊन जालन्यात दोन खोल्यांत येऊन राहिले. गेल्या साली, दोन हजार तीनच्या दिवाळीत, वसंता सुट्टीवर आला तो मुंबईहून तीन फुटांची काचेची पेटी घेऊन. मीठ घातलेलं पाणी, तळाला पांढरी वाळू आणि आत दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे असलेले. "आई, मी असतो तिथलं पाणी असंच असतं," असं तो आईला म्हणाला. बापाशी, त्याच्या अण्णाशी, तो बोलला नाही, बापही त्याच्याशी बोलला नाही. दोघंही एकाच मातीचे.

जाताना त्यानं आईला बजावलं होतं, "पुढच्या खेपेला फेस काढायचं यंत्र आणतो. त्याच्याबिगर हे लई दिवस जगायचे न्हाईत."

आता त्याचा फोन येऊन पन्नास दिवस झाले होते. एरवी जहाज बंदराला लागलं की फोन यायचाच. नोकरी लावून देणाऱ्या मुंबईच्या एजंटाकडे चौकशी केली तर "येईल, येईल" एवढंच उत्तर. त्यातच पेटीतल्या पाण्यावर तेलकट साय धरायला लागली. उषाबाई वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर पसरून ती साय उचलायची, पण संध्याकाळपर्यंत पुन्हा तीच गत. आठ दिवसांनी येणाऱ्या नळाचं पाणी शिळं करून, त्यात वसंतानं ठेवलेलं मीठ कालवून अर्धी पेटी बदलली, तरी फरक पडला नाही. मासे वर येऊन तोंडं उघडत, मिटत राहिले.

"अवो, हे दोघं हायत तवर आपला वसंता हाय," उषाबाई एक दिवस म्हणाली.

"येडी का काय तू?" काकासाहेब खेकसले. पण त्या दिवसापासून सकाळी डोळे उघडले की ते आधी पेटीकडे जायचे. दोन मोजायचे आणि मगच चूळ भरायचे. तिनं निदान बोलून दाखवलं होतं. त्यांच्या पोटात मात्र विहिरीच्या काठावरचं ते वाक्य होतं, ते कोणाला सांगणार? बापाच्या तोंडचं बोलणं लागतं, असं त्यांनीच इतरांना किती वेळा ऐकवलं होतं!

एक मासा तळाला बसून राहायला लागला, तसे ते सकाळच्या एसटीनं औरंगाबादला गेले. माशांच्या दुकानात फेस काढायची दोनच यंत्रं होती. दुकानदार तरुण होता, बोलायला गोड, म्हणजे काकासाहेबांच्या लेखी संशयित.

"काका, पेटी किती लिटरची?"

"शंभराची."

"मग दोन्ही चालतील. हे मोटरवालं जोरात ओढतं. आणि हे साधं, नळीच्या बुडाशी सच्छिद्र लाकडाचा तुकडा, त्याला खडा म्हणतात, हवेच्या पंपावर चालतं. बारीक बुडबुडे वर चढतात, पाण्यातली घाण त्यांना चिकटते आणि फेस होऊन वरच्या वाटीत पडते."

काकासाहेबांचा हात आपसूक मोटरकडे गेला. शेतकरी माणूस, ताकद बघणार. मग हात थबकला. "आमच्याकडं लाईट आठ-आठ घंटे जाऊन राह्यली. तवा हे मोटरवालं काय करंल?"

"बंद पडेल. खड्यावालं मात्र सेलच्या पंपावरही चालतं."

काकासाहेबांनी दोन्ही उचलून पाहिली, नळ्यांत डोळा लावला, दुकानदाराला तेच पुन्हा तीनदा विचारलं. अखेर खड्यावालं घेतलं, सोबत सेलचा पंपही. एसटीत ते मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "डागदरी सामान हाय का?" तर "हां," म्हणाले.

घरी आल्या आल्या उषाबाई म्हणाली, "लावा जल्दी, त्यो बिलकुल हालंना."

"बिगर तपासल्याचं लावू? आधी बादलीत."

त्यांनी पिण्याच्या पाण्यानं बादली भरली, यंत्र उभं केलं, पंप लावला. बुडबुडे आले. मोठाले, गटागटा वर जायचे आणि फुटायचे. फेसाचा पत्ता नाही. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, तासभर झाला. त्यांनी खडा धुतला, नळी हलवली, पंप काढून पुन्हा लावला. वाटी कोरडी ठणठणीत.

"पेटीत तरी टाकून बघा की," उषाबाई काकुळतीला आली.

"जे बादलीत चालंना ते पेटीत काय चालंल? फसवलं मला. मोटरवालंच घ्यायला पायजे होतं." हे म्हणताना त्यांचा आवाज फुटला. उषाबाईनं लग्नाला तीस वर्षं झाली तरी तो तसा ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते पुन्हा औरंगाबादला. दुकान उघडेपर्यंत दीड तास पायरीवर बसून राहिले. दुकानदार दिसताच यंत्र त्याच्यापुढे आदळलं. "फेस येत न्हाई. बदलून दे."

"कुठल्या पाण्यात लावलं, काका?"

"बादलीत. साफ पाण्यात."

पोरगं हसलं नाही, ही त्याची माणुसकी. "काका, गोड्या पाण्यात याला फेस येतच नाही. खारं पाणी लागतं. तुम्ही निवडलेलं बरोबरच होतं. पेटीत लावा आणि एक दिवस धीर धरा."

काकासाहेबांनी यंत्र पुन्हा काखेत घेतलं. अख्खा एक दिवस वाया. जन्मभर ज्या शहाणपणापायी पोरालाही तोडलं, त्यानंच एक दिवस खाल्ला होता. परतीच्या एसटीत बदनापूर येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेरून नजर हलवली नाही. डोळे पुसायला रुमाल काढला आणि शेजाऱ्याला धूळ गेली म्हणून सांगितलं.

दारात उषाबाई उभी होती. डोळे सुजलेले.

"वसंताचा फोन आल्ता," ती म्हणाली.

ते उंबऱ्यावरच बसले.

"बरा हाय. जहाज बिघडून मधीच पडलं होतं, म्हनं. तुमाला इचारलं त्यानं. पयल्यांदाच इचारलं. मी सांगितलं, माशांचं यंत्र आणलं, फेस येईना, म्हनून पुन्ना औरंगाबादला गेले. तर हसाया लागला. लई हसला. म्हनला, अण्णानं आधी बादलीत लावून बघितलं असंल."

काकासाहेबांनी तोंडावर उपरणं घेतलं.

"मंग हसता हसता गप झाला. म्हनला, 'अण्णाला सांग...' आणि फोन कटला. आता म्होरलं बंदर दोन महिन्यांनी, तवाच फोन."

"काय सांग?"

"ते न्हाई कळलं."

तिनं एक स्टीलची वाटी पुढे केली, वर ताटली झाकलेली. आत तळाला बसायचा तो मासा होता. "त्यो फोन आल्यावर गेला," उषाबाई म्हणाली, "आधी न्हाई. मी घड्याळ बघितलं."

त्यांनी यंत्र पेटीत लावलं, न तपासता. पंप सुरू झाला आणि बुडबुडे इतके बारीक उठले की नळीत दूध भरल्यासारखं दिसलं. यंत्राच्या वाटीत मात्र काही आलं नाही. लाईट गेली तेव्हा सेलचा पंप लावून ते समोर बसून राहिले. उरलेला एक मासा कोपऱ्यात होता.

सकाळी वाटीत बोटभर पाणी साचलं होतं, काळ्या चहाच्या रंगाचं, कुजका वास मारणारं. मासा वाळूवरून फिरत होता. उषाबाईनं नाकाला पदर लावला आणि वाटी मोरीकडे न्यायला निघाली.

"थांब, टाकू नको," काकासाहेब म्हणाले.

खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली त्यांनी धुतली आणि ते घाण पाणी तिच्यात थेंब न सांडता ओतलं. बूच घट्ट बसवलं आणि बाटली फोनच्या बाजूला ठेवली.

"आता ह्ये कशाला?"

"त्याला दाखवायला. फेस आल्ता म्हनून."