वरून कोरडी भिंत

भीमेचं पाणी करजगीत दोन दिवस राहिलं. शरणम्माच्या घरात ते कमरेइतकं चढलं होतं आणि ओसरताना घोटाभर गाळ ठेवून गेलं.

शरणम्माला गाळाचं काही वाटलं नाही. तिची लेक सिद्धम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, नववा सरत आला होता, आणि चिटगुप्प्याहून विहिणीचा निरोप येऊन धडकला होता: बुडालेल्या घरात कसलं बाळंतपण करता, लेकीला परत लावून द्या. तो निरोप तिच्या काळजात रुतून बसला. पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही तर चारचौघींत तोंड कसं दाखवायचं? तिनं आणि नवऱ्यानं, शंकरप्पानं, टोपल्यांनी गाळ उपसला.

मग गवंडी भीमण्णा आला. त्यानं बोटांच्या पेरांनी मातीच्या भिंती वाजवून पाहिल्या आणि माजघराच्या मागच्या भिंतीशी थांबला.

"अक्का, ही आतून चिखल हाय. पंधरा दिस उघडी ऱ्हाऊ द्या. सारवू नका."

"बाळंतिणीची खोली तशीच ठेवू? कामून, लोकांनी माझ्या तोंडात शेण घालावं म्हणून?"

"सारवलं की ओल आतच कोंडती. म्हातारपणी तरी ऐकावं माणसानं."

"घर माझं हाय का तुझं?"

भीमण्णा बडबडत निघून गेला. शरणम्मानं पदर खोचला, शेणमाती कालवली आणि भिंत सारवून काढली. दुसऱ्या दिवशी वरून आणखी एक हात दिला. नुकसान लिहायला सरकारचा गिरदावर आला, तो दारातूनच डोकावला आणि सरकारी उर्दूत लिहून मोकळा झाला: मकान सलामत. मग काय विचारता, शरणम्मानं ते गावभर सांगितलं आणि चिटगुप्प्यालाही कळवलं.

पण सरकारनं सलामत म्हटलं म्हणून मन थोडंच ऐकतं? चुलीवरची भाकरी टाकून ती माजघरात येई, भिंतीला हात लावी, परत जाई. भिंत वरून कोरडी होती, पण गार लागे. तिनं बाज भिंतीपासून हातभर ओढली. वारं लागेल म्हणून पुन्हा भिंतीला लावली. बाई स्वतःवरच चिडली होती आणि राग भांड्यांवर काढत होती.

पाचव्या दिवशी दुपारी सिद्धम्माला कळा सुरू झाल्या. सुईण राजूबाई धावत आली. एक कळ ओसरल्यावर सिद्धम्मानं उठायला भिंतीचा आधार घेतला आणि हात झटकन मागं घेतला.

"आई, भिंत हालायलीय."

"कळा यायल्यावर असंच वाटतंय," शरणम्मा म्हणाली. म्हणाली खरी, पण भिंतीपाशी गेली. तिनं सारवणात बोट खुपसलं. बोट मुळापर्यंत आत गेलं.

"ऊठ माय. गोठ्यात चल."

"गोठ्यात?" राजूबाई म्हणाली. "अक्का, विहिणीला काय सांगणार?"

"गोठ्यात झालं म्हणून सांगीन. धर तिला त्या बाजूनं."

गोठा उंचवट्यावर होता. कोरड्या कडब्यावर गोधडी टाकली, म्हशीला बाहेर काढलं. दिवस कलताना लेकरू रडलं तेव्हा शरणम्माही रडली, आणि लगेच शंकरप्पाला म्हणाली, "भीमण्णाला बोलवा."

भीमण्णा पहार घेऊन आला. त्यानं बाहेरून भिंतीला खांदा लावला. दुसऱ्या रेट्याला भिंत आत कोसळली, बाजेवर. बाजेचे चारही पाय मोडले. उशी कुठं होती तेही कळेना.

शरणम्मा ढिगाऱ्यापर्यंत आली. भीमण्णा एरवी तोंडाचा फटकळ माणूस, पण तो पहारीनं बाजेवरची माती बाजूला सारू लागला. ते तिला सहन होईना.

"बोल की रे. काय बोलायचंय ते बोल."

भीमण्णानं पहार खाली ठेवली.

"पोरगी हाय का पोरगा, अक्का?"